तोफ आणि मुक्या गाड्या

विमानतळाबाहेर गाड्या भाड्याने देणारी एक कंपनी होती आणि तिथे कामाला असलेल्या एका बाईला सगळे तोफ म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणत. तिलाही त्याचं वाईट वाटत नसे. "फुसका बार म्हणत नाहीत ना, मग झालं," असं ती म्हणायची. आवाज दणदणीत, चालणं ढांगा टाकत, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर कायमचा मुक्कामाला. नवरा बेकरीत ब्रेड भाजायचा. गरीब माणूस. वाद घालायची वेळ आली की तो खुशाल बायकोकडे बोट दाखवून मोकळा व्हायचा.

परदेशातून आलेल्या पाहुण्यांच्या ताब्यात गाडी द्यायची, हे तोफेचं काम. काउंटरवर सह्या झाल्या की ती पाहुण्याला बाहेर न्यायची, गाडीभोवती फिरवायची, दिवे, वायपर, डिकी दाखवायची. त्यात कंपनीने हायब्रिड गाड्या घेतल्या. थोडा वेळ बॅटरीवर चालणाऱ्या, थोडा वेळ पेट्रोलवर. आवारातले लोक त्यांना 'मुक्या' म्हणू लागले, कारण सुरू झाल्या तरी त्या हूं की चूं करत नसत. पाहुणा बटण दाबायचा, काही ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा दाबायचा, आणि सुरू झालेली गाडी स्वतःच्या हाताने बंद करून "बिघडलीय" म्हणून कुरकुरत बसायचा.

"चालू आहे ती!" तोफ बॉनेटवर थाप मारून सांगायची. "आवाज नाही म्हणजे बंद नाही. हा हिरवा दिवा दिसतोय ना? तो आहे तोवर गाडी जागी आहे. आणि हा गिअरचा दांडा बघा. कुठेही ढकला, हात सोडला की आपला मध्ये येऊन उभा राहतो. त्याच्या तोंडाकडे बघून काही कळायचं नाही. म्हणून हे पार्किंगचं बटण. हे दाबल्याशिवाय दार उघडायचं नाही. दाबा बघू माझ्यासमोर."

पाहुण्यांची भाषा तिला मोडकीतोडकीच येत होती, पण तिच्या आवाजात ती कुणालाही समजायची. लोक हसायचे, पण बटण दाबायचे.

मग नवा साहेब आला. शर्टाला घडी पडू नये म्हणून खुर्चीतसुद्धा ताठ बसायचा, त्यामुळे आठवड्याभरात त्याचं नाव इस्त्री पडलं. इस्त्रीने काउंटरसमोर एक मोठा टीव्ही लावला. गाडीची सगळी माहिती आता त्यावर दिसणार होती.

"तुम्ही एकेकाला फार वेळ घेता," त्याने तोफेला सांगितलं. "रांग लागते. उद्यापासून तुम्ही फक्त परत आलेल्या गाड्या तपासायच्या."

"साहेब, रात्रभर विमानात बसून आलेला माणूस टीव्ही बघेल का? तो आधी स्वच्छतागृह शोधेल."

"बाई, ही शिकलेली माणसं आहेत."

"शिकलेली आहेत म्हणून तर कुणाला काही विचारत नाहीत!"

इस्त्रीने फोन कानाला लावला. त्या फोनवर पलीकडे कुणीच नव्हतं, हे तोफेने ओळखलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी नोकरी असते. ती पाय आपटत बाहेर गेली.

आता आवाराच्या खालच्या टोकाला गाड्या धुण्याची जागा होती. पाणी वाहून जावं म्हणून सगळं आवार त्या बाजूला उतरतं केलेलं. तिथे गाड्या धुणारा माणूस म्हणजे तोफेचा सख्खा धाकटा दीर. आणि त्या दिराशी ती कित्येक वर्षांत एक अक्षर बोलली नव्हती.

त्यालाही कारण होतं. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं तोफेने काढलं. उठवणं, पुसणं, भरवणं, सगळं. शेवटी शेवटी सासूला घास गिळता येईना. दीर आणि जाऊ सुट्टीच्या दिवशी फळं घेऊन यायचे, पलंगाच्या कडेला बसायचे आणि जायचे. सासू गेल्यावर याच दिराने नातेवाइकांत सांगितलं की वहिनीने आईला उपाशी ठेवलं. आत्या, मामा, चुलत सासवा, सगळीकडे ते पोचलं. एका लग्नात तर एका म्हातारीने तोफेच्या हातचं पाणीही घेतलं नाही. तेव्हापासून तिने दिराचं नाव टाकलं. कामावर दोघं रोज समोरासमोर यायची, पण मध्ये दुसरं कुणीतरी उभं करून बोलायची. "त्याला सांगा, पाइप वाटेत पडलाय." आणि 'तो' चार हातांवरून म्हणायचा, "त्यांना सांगा, उचलतोय."

टीव्ही लागून थोडे दिवस झाले होते. दुपारची वेळ. एक परदेशी पाहुणा बायकोला घेऊन मुक्या गाडीतून फाटकाकडे निघाला आणि अर्ध्यात थांबला. त्याची टोपी काउंटरवर राहिली होती. त्याने दांडा ढकलला, दांडा मध्ये येऊन उभा राहिला, आवाज काही नव्हताच. गाडी बंद झाली असं समजून तो उतरला. बायको आधीच उतरून डोंगराचा फोटो काढत होती.

गाडी न्यूट्रलमध्ये होती.

ती आधी जराशी हलली. मग उताराला लागली. दीर खाली उकिडवा बसून दुसऱ्या गाडीचं चाक घासत होता, पाठ वर. तोफेने लांबून पाहिलं आणि ती जन्मात ओरडली नसेल इतक्या जोराने ओरडली, "भावोजी! मागे!"

त्याने मान वळवली, अंग बाजूला घेतलं, पण पाय राहिला. दोन गाड्यांच्या मध्ये गुडघा सापडला.

तो आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

संध्याकाळी इस्त्रीने तोफेला केबिनमध्ये बोलावलं. स्वतः उठून खुर्ची पुढे केली, तेव्हाच तिने ओळखलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण त्याच्या कानात इअरफोन होते, नाही का?"

"नव्हते."

"तुम्ही लांब होता. नीट दिसलं नसेल. वरून चौकशी येणार आहे. कामगार बेसावध होता असं ठरलं तर प्रकरण मिटतं. आणि..." तो हळूच पुढे झुकला, "तुमचं तर त्याच्याशी पटतही नाही म्हणे."

तोफ उठली. खुर्ची मागे कोलमडली.

"पटत नाही! त्याचं तोंड बघायची इच्छा नाही मला! त्याने माझ्यावर आळ घेतला होता, साहेब. खोटा. तो अंगावर वागवत मी इतकी वर्षं काढली. आणि तुम्ही मला बसवून घेता, खुर्ची पुढे करता, आणि म्हणता की आता तुम्हीही तसंच करा? मी सांगत होते ना तुम्हाला, माणसाला बटण दाबायला लावा? टीव्ही! घाला तो टीव्ही चुलीत!"

बाहेर काउंटरवरची रांग माना वळवून ऐकत होती. इस्त्रीच्या शर्टाला पहिल्यांदाच घामाचे डाग दिसले.

तोफ तशीच तडक पाहुण्याच्या हॉटेलवर गेली. पाहुणा खोलीत बॅगा भरत होता. कंपनीने त्याला कळवलं होतं की काळजी करू नका, चूक आमच्या माणसाची आहे, तुम्ही उद्याच्या विमानाने खुशाल जा.

"तुम्ही टीव्ही बघितला होता?" तिने दारातूनच विचारलं.

"कुठला टीव्ही?" पाहुणा म्हणाला.

"गाडी बंद आहे असं वाटलं तुम्हाला?"

"आवाजच नव्हता," तो म्हणाला आणि पलंगावर बसला. "मी कुणाला तरी विचारलंही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सगळं आपोआप होतं. बाई, त्या माणसाचा पाय..."

"पायाचं डॉक्टर बघतील. तुम्ही हे उद्या येऊन सांगायचं. विमान चुकलं तर चुकू दे."

पाहुण्याला राग आला. तो म्हणाला की त्याच्या घरी म्हातारी आई एकटी आहे, की तो गुन्हेगार नाही, की असं कुणाच्या खोलीत घुसून ओरडू नये. तोफही मागे हटली नाही. दोघं दोन भाषांतून भांडली. शेवटी पाहुण्याची बायको मध्ये पडली. तिने नवऱ्याच्या बॅगेतले कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले. मग नवऱ्याने उरलेली बॅग स्वतःच रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी चौकशीला आलेल्या मोठ्या साहेबांपुढे पाहुणा स्पष्ट बोलला: गाडी माझ्या हातून सुटली, पण ती कशी थांबवायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तोफेने जे पाहिलं ते सांगितलं. दिरावरचा ठपका निघाला, दवाखान्याचा खर्च कंपनीने उचलला. इस्त्रीला मात्र कुणी हात लावला नाही. टीव्हीवर आता सरबताच्या जाहिराती चालतात, आणि गाडी ताब्यात द्यायला पुन्हा तोफ. "हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर एक गुडघा वाचला असता," असं तिने मोठ्या साहेबांना ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि घड्याळ बघितलं.

दवाखान्यात नवऱ्याने फार आग्रह केला म्हणून ती गेली. दीर पाय वर टांगून पडला होता. उशाशी जाऊ. तोफेला पाहून तो छताकडे बघायला लागला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही ओरडला नसता तर कमरेपासून गेलो असतो."

"ते राहू दे. भावोजी, मला एकच सांगा. मी आईंना उपाशी ठेवलं होतं?"

दिराने नजर पुन्हा छताला लावली. जावेने पदराशी चाळा केला आणि हळूच म्हणाली, "नव्हतं ठेवलं. आम्हाला माहीत होतं ते. पण लोक विचारायचे, तुम्ही का नाही केलंत म्हणून. मग काहीतरी सांगायला नको?"

तोफेला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मोकळं वाटेल. झालं उलटंच. चुकून बोलले असतील, गैरसमज झाला असेल, असं म्हणून तिने आजवर रागाला थोडी तरी वेसण घातली होती. माहीत होतं! माहीत असून!

"भावोजी, पाय बरा करा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खाली आला की शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही सावरून बसला. "आणि बरा झाला की ज्या ज्या घरी जाऊन ते सांगितलंत, त्या त्या घरी जा. स्वतःच्या पायांनी. स्वतःच्या तोंडाने. आत्यांकडे, मामांकडे, त्या लग्नातल्या म्हातारीकडे. तोवर मला वहिनी म्हणायचं नाही."

पावसाळा संपता संपता दीर काठी टेकत कामावर आला. आता तो फाटकाशी स्टुलावर बसून गाड्या आत-बाहेर सोडतो. दोन घरी जाऊन आलाय म्हणे. आत्या रडल्या, मामांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. बाकीची घरं राहिलीत. रोज सकाळी तोफ फाटकातून आत येते तेव्हा तो उठून उभा राहायला बघतो आणि ती त्याच्याकडे न बघताच विचारते, "म्हातारीकडे कधी?"