दोन टेबलांमधली वस्ती

मुलगी बघायला गेलो तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी मला शिक्षण विचारलं नाही, नोकरी कायम आहे का तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या घराचा दरवाजा कोणत्या दिशेला?"

मी म्हणालो, "रस्त्याकडे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्वतःचं आडनाव चुकवलं होतं. शेवटी सासूबाईच आतून म्हणाल्या, "अहो, मुलगा बघताय की प्लॉट?"

तरी लग्न झालं. नंतर बायकोने सांगितलं, की दुसऱ्याच दिवशी ते ऑफिसात माझ्या गावाचा नकाशा उघडून बसले होते. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "घर ओढ्यापासून पुरेसं उंचावर आहे. पाणी शिरणार नाही. हो म्हणायला हरकत नाही." माझ्या स्वभावाबद्दल कुणी काही बोलल्याची नोंद नाही.

सासरे सरकारी नकाशा कचेरीत आहेत, बत्तीस वर्षं. जमिनीचे चढउतार, ओढे, रस्ते, वस्त्या, विहिरी दाखवणारे मोठे कागद तिथे तयार होतात. त्यातल्या एकेका कागदाला ते 'शीट' म्हणतात. शीटला शीट लावत गेलं की देश होतो, असं ते मला समजावतात, आणि आवाज असा लावतात की गोंदाची बाटली त्यांच्याच खिशात असावी. ऑफिसात त्यांना 'कडेवाले' म्हणतात. शीटच्या मध्ये काय आहे यापेक्षा कडेला काय होतंय याचीच त्यांना जास्त काळजी. "रस्ता इकडच्या कडेपर्यंत आला तर तिकडच्या शीटवर तो पुढे गेलाच पाहिजे. मध्येच विरून जायला तो काय धूर आहे?" घरीही तेच. दोन चटयांमध्ये फट दिसली, की पाहुण्याला उठवून चटई सरकवतात. मी दोनदा उठलोय.

पूर्वी हे नकाशे कुलूपबंद कपाटात असत. अर्ज करा, कारण लिहा, शिक्का घ्या, आणि कागद हातात पडेपर्यंत त्यावरचं निम्मं गाव बदललेलं. दोन वर्षांपूर्वी सरकारने ठरवलं, की सगळे नकाशे नव्याने करायचे. उपग्रहाच्या चित्रांवरून आणि प्रत्यक्ष जाऊन तपासून, थेट संगणकावर. आणि ते सगळ्यांना खुले ठेवायचे. कुणीही फोनवर उघडावा, बोटांनी मोठा करावा, आपलं घर शोधावं. हे कळलं त्या दिवशी सासरे बसस्टॉपपासून घरापर्यंत जवळजवळ पळत आले. सासूबाईंना वाटलं, बढती मिळाली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी माउस हातात धरला आणि दोन महिन्यांत त्यावर हुकूमत मिळवली. एक सवय तेवढी राहिली. पेन्सिलीची रेघ खोडली की कागदावर फुंकर मारायची, हे इतकी वर्षं केलेलं. आता डिलीटचं बटण दाबलं की ते स्क्रीनवर फुंकर मारतात. शेजारच्या टेबलावरची ऑपरेटर, माझ्या बायकोच्याच वयाची, पहिल्या दिवशी तोंडावर ओढणी धरून हसली. आता तीही मारते म्हणे.

या सगळ्या थाटामाटात एकच गोष्ट त्यांना टोचत असे. सासूबाईंचं माहेर नकाशावर नव्हतं.

माहेर म्हणजे डोंगराच्या उतारावरची चौदा घरांची वस्ती. घरात कुठलाही वाद होवो, मग तो पंख्याच्या वेगावरून का असेना, सासूबाईंचं शेवटचं वाक्य ठरलेलं. "अख्ख्या देशाचे नकाशे काढता, पण बायकोचं माहेर काही सापडलं नाही तुम्हाला." आणि सासऱ्यांचं उत्तरही ठरलेलं. "वस्ती लहान आहे. नियमात बसत नाही." एवढं बोलून ते चष्मा पुसायला लागत. मला वाटायचं, चष्मा फार लवकर मळतो यांचा.

मागच्या महिन्यात एका बुधवारी दुपारी मी सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होतो. फोन आला. सासरे. ते शाळेच्या वेळात कधी फोन करत नाहीत.

"जावईबापू, तुमची स्कूटर चालू आहे का?"

"आहे. का?"

"उद्या सुट्टी टाका. आपल्याला वस्तीवर जायचंय. शुक्रवारी चारला नकाशाचा तो भाग बंद होतो."

मुख्याध्यापिकाबाईंनी रजेचं कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं, सासऱ्यांच्या सासुरवाडीला जायचंय. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि सही केली. अशा कारणाला काय विचारणार?

गुरुवारी सकाळी निघालो. ते मागे बसले. त्यांना स्कूटर चालवता येते, पण चालवताना जमीन बघता येत नाही म्हणून ते कधी पुढे बसत नाहीत. एका हातात जीपीएसचं यंत्र आणि खिशात पेन्सिल. वाटेत त्यांनी मामला सांगितला. उपग्रहाच्या चित्रात वस्तीची छपरं स्वच्छ दिसत होती, पण प्रत्यक्ष जाऊन तपासल्याशिवाय वस्तीचं नाव टाकता येत नाही. तपासणारी टोळी तिथे गेलीच नाही, कारण त्यांची यादी जुन्या शीटवरून केलेली. जुन्या शीटवर वस्ती नाही, म्हणून यादीत नाही, म्हणून नव्या नकाशावरही नाही. आता टोळीची जीप दुसऱ्या टोकाला होती आणि चार वाजता शुक्रवार संपत होता.

"पण बाबा, वस्ती नियमात बसत नाही ना?"

माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात निघाला. मला वाटलं, उतरले की काय.

"बसते," ते म्हणाले. "दहा घरं असली की बसते. तेव्हाही बसत होती."

मग त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी ते नवीन होते, प्रोबेशनवर. त्यांच्याकडे डावी शीट, शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्याकडे उजवी. वस्ती बरोबर कडेवर पडलेली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. अशा वेळी ज्याच्या बाजूला जास्त घरं त्याने वस्ती काढायची आणि नाव लिहायचं. यांना वाटलं, जास्त घरं तिकडे. दाढीवाल्याला वाटलं, इकडे. दोघांनी आपापली शीट पूर्ण केली आणि वस्ती दोघांच्या मधून खाली पडली. शीट छापून आल्या.

"पुढच्या वर्षी तुमच्या सासूबाईंना बघायला जायचं ठरलं. म्हटलं, गाव कुठे आहे बघू. शीट काढली तर कोरा कागद. आणि कोपऱ्यात माझी सही."

"मग दुरुस्त का नाही केलं?"

"लेखी खुलासा द्यावा लागला असता. प्रोबेशनवर होतो. म्हटलं, पुढच्या आवृत्तीत गुपचूप घालू. पुढची आवृत्ती निघाली नाही. ती आत्ता निघतेय." थोड्या वेळाने ते म्हणाले, "घरी बोलू नका. आधी नकाशावर येऊ दे, मग मीच सांगतो. नुसतंच सांगितलं आणि नाव राहिलं, तर दोन्हीकडून गेलो."

कडेवाल्यांचं कडांवरचं प्रेम कुठून आलं ते मला तिथे, तिसऱ्या वळणावर कळलं.

ओढ्यापाशी स्कूटर ठेवली आणि पायवाट चढलो. सासूबाईंचे भाऊ अंगणात उभेच होते. "दाजी, इतक्या वर्षांनी ऑफिसच्या कामाने आलात. वाट सापडली का, की विचारत आलात?"

सासरे म्हणाले, "वाट मोजत आलोय."

बातमी पाच मिनिटांत पसरली. सरकारी माणूस आलाय, नकाशात घालतोय. मग काय विचारता. एकाला गोठा घालायचा होता, एकाला शेजाऱ्याचा गोठा काढायचा होता. एक म्हातारे गृहस्थ शर्ट बदलून आले. त्यांना वाटलं फोटो आहे. एका आजीबाईंनी मात्र नीट विचारलं, "आता दवाखान्याची गाडी वरच्या वाटेने येईल ना? मागच्या वेळी ड्रायव्हर ओढ्यापाशीच थांबला. म्हणाला, फोन पुढे काही दाखवत नाही. सुनेला खाटेवर घालून उतरवली, सातवा महिना होता."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. म्हणाले, "येईल."

त्यानंतर त्या माणसाला मी जसं पाहिलं तसं लग्नातही पाहिलं नव्हतं. ते दर घरापाशी यंत्र धरून उभे राहत, आकडा स्थिर झाला की वहीत पेन्सिलीने लिहीत, आणि पुढच्या घराकडे तरुणासारखे चढत. वरची गाडीवाट चालत मोजली. झरा कुठे विचारल्यावर त्यांच्या मेहुण्यांनी बोट केलं, तसा तो टिपला. घरं आता एकोणीस होती. वस्तीचं नाव दोन रहिवाशांनी सांगायचं, सही करायची. म्हाताऱ्या गृहस्थांनी नव्या शर्टात सही केली. उतरताना सासरे शीळ घालत होते. सूर नव्हता, पण उत्साह भरपूर होता.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटताना पुन्हा फोन. वही माझ्या डिकीत राहिली होती, आणि सह्या वहीत होत्या. साडेतीनला पाच कमी असताना मी त्यांच्या ऑफिसात पोचलो. लांब खोली, ओळीने टेबलं, खिडकीपाशी रिकामी झालेली जुनी कपाटं. सासऱ्यांनी सह्या जोडल्या, आपला भाग जमा केला आणि हाताची घडी घालून खुर्चीत मागे रेलले.

मी म्हणालो, "दाखवा ना, नाव कसं दिसतं ते."

त्यांनी स्क्रीनवर वस्ती आणली. घरं होती, वाट होती, झरा होता. नाव नव्हतं.

"नाव शेजारच्या भागात येतं," ते मला शिकवण्याच्या सुरात म्हणाले. "नव्या नकाशाला कडा नाहीत, पण काम वाटून दिलंय ना. वस्ती वाटपाच्या रेषेवर आलीये. आठ घरं माझ्याकडे, अकरा तिच्याकडे. जास्त घरं तिकडे, म्हणून नावही तिकडे..."

आणि ते थांबले. स्वतःचंच वाक्य ऐकत होते. चेहऱ्याचा रंग बदलला. ते उठले आणि शेजारच्या टेबलापाशी गेले. पाच पावलं असतील.

"मुली, त्या वस्तीचं नाव टाकलंस ना?"

"मी?" ती पर्स आवरत होती. "काका, तुम्ही स्वतः जाऊन आलात. मला वाटलं तुम्हीच टाकणार. मी तर भाग जमा केला, आत्ता, दोन मिनिटं झाली."

जमा केलेला भाग फक्त साहेब उघडू शकत. साहेब खाली चहाला गेले होते. सासरे माझ्याकडे वळले. ते काही म्हणायच्या आत मी जिन्यात होतो. तीन मजले उतरून मी साहेबांना गाठलं आणि काय बोललो ते मला आठवत नाही, पण साहेब कप हातात घेऊनच वर आले. ऑफिसात काहीतरी पेटलं असावं असा त्यांचा समज झाला होता.

"कडेवाले, तुमच्याकडून कड सुटली?" साहेब हसत म्हणाले आणि त्यांनी भाग उघडला. स्क्रीनवर एक चौकोन आला. भाग पुन्हा उघडण्याचं कारण लिहा.

ऑपरेटर म्हणाली, "काका, 'तांत्रिक अडचण' लिहू? सगळे तेच लिहितात."

"सरक," सासरे म्हणाले. ते तिच्या खुर्चीत बसले आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत टाइप करू लागले. घड्याळात पावणेचार झाले. वाक्य पूर्ण झालं तेव्हा मी मागून वाचलं. 'मी शेजारच्या टेबलावर जाऊन विचारलं नाही.'

साहेबांनी वाचलं, भुवया उंचावल्या आणि मंजुरी दिली. ऑपरेटरने ठिपका ठेवला, नाव लिहिलं, सासऱ्यांनी एकेक अक्षर तपासलं. चारला आठ मिनिटं कमी असताना भाग जमा झाला. काही खोडलेलं नव्हतं, तरी त्यांनी स्क्रीनवर एक फुंकर मारली. तिनेही मारली.

सोमवारी नकाशा सगळ्यांना खुला झाला. संध्याकाळी मी आणि बायको मुद्दाम सासुरवाडीला गेलो. सासऱ्यांनी फोनवर वस्ती उघडली आणि सासूबाईंच्या हातात दिली. त्या बघत राहिल्या. मग नावावरून एकदा बोट फिरवलं.

"आलं हो नियमात," त्या म्हणाल्या.

"नियमात आधीही होतं," सासरे म्हणाले, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. दाढीवाला, प्रोबेशन, कोरा कागद, सही. मध्ये कुठेही चष्मा पुसला नाही.

सासूबाई ऐकत होत्या. "म्हणजे वस्ती लहान नव्हती."

"नव्हती."

"आणि एकतीस वर्षं मला सांगत होतात."

"तीस. पहिल्या वर्षी आपलं लग्न झालं नव्हतं."

बायकोने माझा हात दाबला. आता काय होतंय याच्याकडे आम्ही डोळे लावले. सासूबाईंनी फोन आणखी जवळ धरला, बोटांनी वस्ती मोठी केली, आणखी मोठी केली. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी नीट ओळखतो. पंख्याच्या वादात येतं ते.

"हा झरा कुणी दाखवला?"

"तुझ्या भावाने. त्याने बोट केलं तसा..."

"त्याला काय कळतंय? त्याने कधी पाणी आणलंय? झरा घराच्या वर आहे. चढताना घागर रिकामी, उतरताना भरलेली, बारा वर्षं आणलीये मी. तुम्ही तो खाली नेऊन ठेवलाय." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "जावईबापू, इथे 'चूक कळवा' असं बटण आहे. लिहा."

मी लिहिलं. कडक भाषेत लिहायला लावलं त्यांनी.

मंगळवारी दुपारी, पुन्हा अपूर्णांकांच्याच तासाला फोन आला. आवाजात असा आनंद होता की मला वाटलं, आता खरंच बढती.

"जावईबापू, लोकांकडून पहिली तक्रार आली. माझ्याच टेबलावर दिलीये. तपासणी करावी लागणार. स्कूटर चालू आहे का?"

"आहे. उद्या सकाळी येतो."

"तुम्ही नका येऊ," सासरे म्हणाले. "किल्ली तेवढी पाठवा. मी चालवतो, जमीन त्या बघतील. तक्रारदाराला घेऊन जायचंय."