तंबूवाल्याशी घासाघीस

आमची आत्या सोमवारी शिकार करत नसे. एकादशीलाही नाही, आणि श्रावण लागला की महिनाभर तिचं धनुष्य खुंटीला. बाकीच्या दिवशी मात्र ती चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून दारातल्या ओट्यावर बसायची आणि रानडुकरांचा फडशा पाडायची. वय पासष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि उभ्या आयुष्यात स्वतःच्या हातानं कोंबडीसुद्धा कापलेली नाही. तिचं रान मोबाईलमध्ये होतं.

ती एक ऑनलाइन गेम होती. जगभरातली माणसं एकाच जंगलात हिंडतात, डुकरं, लांडगे, सांबरं मारतात आणि मिळालेले सुळे साठवतात. त्या रानात सुळे हाच पैसा. आत्याचा मुलगा प्रशांत लोणावळ्याच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता, तो कॅनडातल्या हॉटेलात गेला तेव्हा जाताना आईच्या फोनमध्ये ही गेम घालून गेला. तिच्या शिकाऱ्याचं नाव त्यानंच ठेवलं होतं, 'आई पवना'. मी वराळ्याजवळच्या एका कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी पवना धरणाकाठी पवनानगरला आत्याकडे जायचो आणि पडद्यावरचं इंग्रजी तिला मराठीत सांगायचो. जेवण फुकट मिळायचं, दुभाष्याची नोकरी वाईट नव्हती.

तिचे शिकारीचे नियम तिचे तिनं केले होते. सांबराच्या मागे पाडस दिसलं की बाण खाली. पाणी पिणाऱ्या जनावराला मारायचं नाही. एकदा चार परदेशी शिकाऱ्यांनी दोन तास माग काढून एक भलंमोठं अस्वल ओढ्याकाठी गाठलं, आणि शेवटचा बाण मारायची पाळी आत्याची होती. अस्वल पाणी पीत होतं. आत्या शांत उभी. त्या चौघांनी पडद्यावर काय काय लिहिलं ते मी तिला सांगितलं नाही. "काय म्हंत्यात रं?" असं तिनं विचारल्यावर मी म्हणालो, "छान म्हणतायत." अस्वल निघून गेलं.

मी एकदा विचारलं, "आत्या, प्रशांतशी फोनवर बोलता येतं, व्हिडिओवर दिसतो, मग हे रान कशाला?"

"फोनवर काय बोलायचं? जेवला का, जेवलो. थंडी हाय का, हाय. झालं. मग त्यो बी गप आन् मी बी गप. रानात कसं, बोलायलाच लागत न्हाई. त्यो जनावर उठवतो, मी मारती. अर्धा तास पोरगं शेजारी आसतं."

 

गुडघे जाण्याआधी आत्यानं तीस वर्षं आठवडी बाजारात भाजी विकली. पावटा, काकडी, वांगी, पावसाळ्यात रानभाज्या. त्यामुळे माणसांची तिची एकच विभागणी होती. घाई करणारं गिऱ्हाईक आणि दम धरणारं गिऱ्हाईक. पहिल्या जातीची तिला कीव यायची, दुसऱ्या जातीचा ती आदर करायची. तिची दोन वचनं आमच्या घरात सगळ्यांना पाठ. एक, "बाजार उटताना भाव पडतोच." आणि दुसरं, "चार पावलं चालून जायचं, मागनं हाक येतीच." माझ्या लग्नाचा शालू तिनं याच पद्धतीनं घेतला. दुकानदाराची हाक आली तेव्हा ती पायऱ्या उतरून रिक्षात बसली होती, आणि माझ्या होणाऱ्या सासूचा चेहरा पांढरा पडला होता.

त्या रानात एक व्यापारी यायचा. केव्हा येईल त्याचा नेम नाही, पण आला की शुक्रवारी यायचा आणि रविवारी संध्याकाळी साडेपाचला जायचा. एका मोकळ्या माळावर त्याचा तंबू, पुढं पेटलेली चूल, आणि पडद्याच्या कोपऱ्यात उलटे धावणारे आकडे. आकडे शून्यावर आले की तंबू गायब. जो माल एकदा आणला तो पुन्हा आणेलच असं नाही. आत्यानं त्याचं नाव तंबूवाला ठेवलं. धरणाच्या काठावर शनिवारी पर्यटकांचे तंबू लागतात आणि रविवारी उठतात, ते तिला ओट्यावरून दिसायचे. "हे बी शनवार-रव्वारचेच, त्यो बी तसलाच," ती म्हणायची.

तंबूवाल्याचे भाव ठरलेले असतात, ते कमी होत नाहीत, हे मी तिला शंभरदा सांगितलं. पण गेम करणाऱ्यांनी एक गोष्ट करून ठेवली होती. माल बघून न घेता शिकारी तंबूपासून लांब गेला की तंबूवाला इंग्रजीत काहीतरी ओरडायचा. आत्यानं विचारलं, काय म्हणतो? मी सरळ सांगितलं, "परत या म्हणतोय, शिकारी."

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच हरलो. "मग? आली का न्हाई हाक?"

"अगं, ते भरून ठेवलेलं वाक्य आहे. सगळ्यांनाच म्हणतो तो."

"बाजारात बी समद्यांनाच म्हंत्यात."

एका शुक्रवारी तंबूवाल्यानं जोडशिंग आणलं. दोन शिंगांची जोडी. घेताना दोन शिकाऱ्यांनी तंबूपाशी एकत्र उभं राहायचं, एकानं सुळे द्यायचे, मग दोघांना एकेक शिंग मिळतं. त्यानंतर एकानं शिंग फुंकलं की दुसरा जगात कुठंही असो, गेम बंद असो, त्याचा फोन वाजतो, आणि बोट लावलं की तो थेट पहिल्याच्या शेजारी येऊन उभा राहतो. मी हे वाचून दाखवलं आणि आत्यानं ते मला पुन्हा वाचायला लावलं. ती आणि प्रशांत महिन्यातून तीनदा ठरवायचे आणि दोनदा चुकायचे. इकडं संध्याकाळ तेव्हा तिकडं सकाळ. त्याची पाळी बदलायची, ही ओट्यावर तासभर बसून राहायची आणि मग फोन उपडा ठेवून भाकऱ्या करायला उठायची. शिंग असतं तर वाट बघायला नको. फुंकलं की पोरगं शेजारी.

किंमत नऊशे सुळे. आत्याकडे साडेनऊशे होते. प्रशांतनं कबूल केलं की रविवारी आपल्या वेळेनं पाचला, म्हणजे त्याच्या सकाळी, तो तंबूपाशी येईल. सगळं जमून आलं होतं.

त्या रविवारी मी कामावर होतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन केला. "आत्या, प्रशांत आला की लगेच घेऊन टाक हं."

"सातशेला दील त्यो."

"नाही देणार. आत्या, ऐक माझं."

"तू कदी बाजारात बसलाय का?"

मी बसलो नव्हतो. हसलो आणि फोन ठेवला. त्या वेळी मी जरा आवाज चढवायला हवा होता, अर्ध्या दिवसाची रजा टाकून जायला हवं होतं. काहीही केलं नाही. आत्यापुढं माझं कधी काही चाललं नाही, त्या दिवशीही चाललं नाही.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. प्रशांत झोपेतून उठून वेळेवर आला. दोघं तंबूपाशी उभे राहिले. आत्यानं शिंग बघितलं, किंमत बघितली, आणि तिच्या शिकाऱ्यानं नकाराची मान हलवली. असं तिनं तीनदा केलं. कोपऱ्यात पाच मिनिटं उरली तेव्हा तिनं ठेवणीतला डाव टाकला. वळली आणि ओढ्याच्या दिशेनं चालू लागली. प्रशांतला वाटलं, आई शिकारीला निघाली. लहानपणी बाजारातून तिच्या मागं निघायचा, तसाच तो मागं निघाला. तंबूवाल्याची हाक आली. आत्या थांबली नाही, कारण पहिल्या हाकेला वळायचं नसतं. रविवारची संध्याकाळ, काठावरचे सगळे पर्यटक फोनला चिकटलेले, नेटवर्क रखडत होतं. ती वळली तेव्हा तिचा शिकारी एक एक पाऊल टाकत मागं आला.

मला फोन आला तो सहाला. "आरं, उटला तंबू. नुसती राख हाय चुलीची."

तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बाजार तिला फसवून गेला होता, तीस वर्षांत पहिल्यांदा.

मी जमेल ते सगळं केलं. कंपनीला इंग्रजीत अर्ज लिहिला, म्हातारी बाई आहे, चूक झाली, सुळे तयार आहेत. अर्ध्या मिनिटात यंत्राचं उत्तर आलं की आपल्या उत्साहाबद्दल आभारी आहोत. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच आभार. प्रशांत आईला म्हणाला, "जाऊ दे गं, गेम आहे ती." आत्याही म्हणाली, "व्हय, गेमच हाय." दोघं हसले, आणि मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

त्यानंतर तिकडं थंडी वाढली, प्रशांतची पाळी बदलली, मग हॉटेल बदललं. महिन्यातून एकदा, मग तेही नाही. आत्यानं शिकार जवळजवळ सोडली, पण दर शुक्रवारी ती त्या माळावर जाऊन उभी राहायची. तंबूवाला कधी यायचा, कधी नाही. माल बघायची, शिंग नाही म्हटल्यावर फोन ठेवायची. मी म्हणालो, "आत्या, दुसरं काहीतरी घे, सुळे पडून आहेत." ती म्हणाली, "ते शिंगाचं हायेत." तेव्हा मला समजलं की ती भाव विसरली होती. आता तंबूवाल्यानं दीड हजार मागितले असते तरी तिनं दिले असते, आणि एवढे सुळे तिच्याकडे नव्हते, आणि तो मागतही नव्हता.

पुढच्या थंडीत तिच्या छातीत दुखायला लागलं. तळेगावच्या दवाखान्यात तीन दिवस होती. प्रशांतला तिकीट मिळून तो पोचेपर्यंत आम्ही सगळं उरकून घरी आलो होतो. तो ओट्यावर तिच्या जागेवर बसला आणि बराच वेळ धरणाकडे बघत राहिला. जाताना तिचा फोन माझ्या हातात दिला. "ती गेम पुसू नकोस," एवढंच म्हणाला. मी पुसली नाही. सुट्टीच्या दिवशी फोन चार्ज करायचा, गेम उघडायची, आई पवना माळावर उभी दिसली की बंद करायची, असं माझं चालू होतं. कशासाठी, ते विचारू नका.

गेल्या महिन्यात एका रविवारी साडेतीनला उघडली, तर समोर तंबू. तंबूत जोडशिंग. जुना माल म्हणून किंमत उतरवलेली, साडेचारशे.

म्हणजे आत्याचं खरं होतं. भाव पडला होता.

मी माझ्या फोनवरून प्रशांतला उठवलं. "शिंग आलंय. निम्म्या भावात. दोन तास आहेत." तो म्हणाला, "थांब, येतो." पण त्याला येता येईना. पासवर्ड आठवत नव्हता. नवा मागितला तर ओटीपी त्याच्या इथल्या जुन्या नंबरवर जात होता, आणि तो नंबर त्यानं कॅनडाला गेल्यावर बंद करून टाकला होता. त्यानं वाढदिवस टाकून बघितला, आईचं नाव, गावाचं नाव, पहिल्या हॉटेलचं नाव. मी कंपनीला लिहिलं. यंत्र आभारी होतं. तो तिकडं पासवर्ड टाकत होता, मी इकडं आकडे बघत होतो, आणि मधेमधे आम्ही बोलत होतो. शालूचं, रिक्षाचं, अस्वलाचं. अस्वलाचं त्याला माहीत नव्हतं. तो इतका हसला की त्याला फोन बाजूला ठेवावा लागला. आम्ही मामे-आतेभाऊ, पण इतकं कधी बोललो नव्हतो.

पाच मिनिटं उरली तेव्हा त्यानं प्रयत्न सोडला. "आईनं कितीला मागितलं असतं?"

"साडेतीनशेला."

"मग चाल की चार पावलं."

मी आई पवनाला वळवलं आणि ओढ्याच्या दिशेनं चालवलं. मागून तंबूवाल्याची हाक आली. मी आत्याचा फोन माझ्या फोनजवळ धरला, त्याला ऐकू जावी म्हणून.

"आली हाक," तो म्हणाला.

मी आई पवनाला तसंच ओढ्यापर्यंत चालवत नेलं. मी मागं वळून बघितलं. माळावर चुलीची राख होती.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आहे का रे अजून तंबू?"

"आहे," मी म्हणालो.