शांताक्कांचे डबे

आधी शांताक्कांचं नाव घेते, मग बाकीचं. बंगळूरला माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी ही साठी उलटलेली बाई नसती, तर मी कधीच पाठ धरून सोलापूरला परतले असते आणि माझ्या रेणुकाची शाळा माझ्यासारखीच सातवीत सुटली असती.

पोरीचे वडील गेल्यावर मी तिला घेऊन निघाले, तेव्हा आई स्टँडवर आली होती. कडक भाकरीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "तितं कुणी उगंच गोड बोलाय लागलं की आदी इचार करायचा, ह्येचं आपल्यापाशी काय काम हाय. कळलं की न्हाय?" भाकरी महिन्यात संपली. आई, तुझं बोलणं अजून संपलेलं नाही.

इथं शर्टाच्या कारखान्यात मशीनवर बसून बसून पाठ गेली. सुपरवायझर म्हणाला, टार्गेट होत नसेल तर गावी जाऊन आराम करा. त्याच आठवड्यात शांताक्कांनी दार वाजवलं. अंगावर सुती साडी, पायात मुलाचे जुने बूट. "बा," म्हणाल्या. चल. आमच्या घरात कानडी चालतेच, त्यामुळं शब्द कळला. कारण कळलं नाही.

रोज पहाटे तळ्याला फेरी. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला दिसला की अक्का थांबायच्या. "बघ त्याच्याकडं. तसेच हात लांब कर, खांदे मागं घे." मी हात लांब करायची, पण डोळा माझ्या पर्सवर असायचा. घरी आलं की त्या मोड आलेल्या मुगाचा डबा द्यायच्या. पाठ मोकळी होत गेली तसा माझा संशय वाढत गेला. धुणंभांडी करून घ्यायची असतील? कुणा भाच्यासाठी रेणुकाकडं बघत असतील? पोरीला सांगून ठेवलं, मी नसताना त्यांना दार उघडायचं नाही.

डब्यांचं वेगळंच. आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. भरून द्यावं तर नातं चिकटतं, तेच मला नको होतं. म्हणून डबे खाटेखाली साठत गेले.

एक दिवस अक्का आत आल्या, वाकून बघितलं. "दुकान काढतेस का? माझ्या घरात मूग भिजवायला भांडं राहिलं नाही."

मी आमची रीत सांगितली.

"मग भर की काहीतरी. का माझ्याशी संबंधच नको?"

तेव्हा मात्र माझ्या तोंडून गेलंच. "अक्का, खरं सांगा, तुम्हाला माझ्याकडून काय पाहिजे?"

त्या खाटेवर बसल्या. "चक्कर येऊन तळ्याकाठी पडले होते. तेव्हापासून मुलगा एकटीला सोडत नाही. कुणीतरी बरोबर पाहिजे होतं. तू भिंत धरून चालताना दिसलीस. म्हटलं, हिला नाही म्हणायला जमायचं नाही."

म्हणजे आई, तू बरोबर होतीस. काम होतंच. पण ते एवढंसंच निघालं म्हणून मी किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला. सगळ्या डब्यांत शेंगाचटणी भरली. अक्कांनी चाखली, डोळ्यांतून पाणी आलं, "साकु, साकु" म्हणाल्या. पुरे म्हणत सगळे डबे घेऊन गेल्या.

रेणुका आता आठवीत आहे. मी अजून कारखान्यात त्याच मशीनच्या लाईनवर आहे. स्वभाव काही गेला नाही, परवा नव्या भाडेकऱ्यानं केळी दिली तर आधी उलटसुलट करून बघितली. गावाकडच्या बहिणींनो, तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येणार. घर म्हटलं की तोंडात सोलापूरच येतं. पण मला ताप आला की पोरगी फोन करत बसत नाही, शेजारी अक्कांकडं पळते. मग घर नक्की कुठलं म्हणायचं?

अक्कांचे गुडघे आता कुरकुरतात. चालणं थांबलं की मुलगा त्यांना खोलीत बसवून ठेवील. त्या दिवशी मी चाकाची खुर्ची भाड्यानं आणणार आणि त्यांना तळ्यावर नेणार. हिचं यात काय काम आहे, असं मुलाच्या मनात येईल. येऊ दे.