प्लास्टिकच्या वरची माती

केयूरच्या शाळेच्या डब्यासाठी भेंडी चिरत होते, विलास इस्त्रीचा शर्ट शोधत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल सोडून थाप मारणारी आमच्या उलव्याच्या सोसायटीत एकच, जाईबाई. पण तो मंगळवार होता. मंगळवारी अर्धी बिल्डिंग मासे खात नाही, म्हणून ती येतच नाही. दार उघडलं तर तीच उभी. डोक्यावर पाटी नव्हती. आत येऊन ती माझ्या विळीसमोर बसली.

जाईबाई आगरी. गाव इथलंच, खाडीकाठचं, आता उठलेलं. थोरला दीर हौसेराव याच्या घरात एका खोलीत राहते. मूलबाळ नाही. नवरा वामन वीसेक वर्षांपूर्वी नाहीसा झाला, पण तिने कुंकू पुसलं नाही.

तेव्हा गावाबाहेरच्या टेकाडावर कॉलेजचे सर उत्खनन करत होते. हौसेराव मजुरांचा मुकादम, वामन आणि जाईबाई त्याच्या हाताखाली. वामनला मातीत अक्षरं कोरलेला तांब्याचा पत्रा सापडला. हौसेरावला तो गुपचूप विकायचा होता, वामन म्हणाला, सरांना देणार. दोघांची जुंपली, ते तिने ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी वामनही नाही, पत्राही नाही. भाऊ पत्रा घेऊन पळाला, हे गावभर सांगितलं हौसेरावनेच. तेव्हापासून ही चोराची बायको. तुझा नवरा तिकडे दुबईत शेठ झाला असेल, तू कशाला बोंबील विकतेस, असं बाजारातल्या बायका अजून विचारतात. ती म्हणे, तोच आला तर त्याला विचारा.

मागच्या आठवड्यात त्या टेकाडावर रस्त्यासाठी जेसीबी चालला आणि हाडं निघाली. ठेकेदाराची माणसं म्हणाली, राजेरजवाड्यांच्या काळातली असतील. चौकीतल्या साहेबांनी मात्र निवृत्त झालेल्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, काम संपलं की खड्ड्याच्या तळाला आम्ही प्लास्टिक अंथरतो आणि मग माती परत भरतो. पुढे कुणी खणलं तर कळावं, आम्ही कुठवर गेलो होतो. प्लास्टिकच्या खालचं ते जुनं, वरची ती आमची भर.

हाडं प्लास्टिकच्या वर होती.

हे सगळं ती सरळ आवाजात सांगत गेली.

"ताई, ते नाहीसे झाले त्याच दिवशी तो खड्डा भरला, तवा घमेलं माज्या डोक्यावर व्हतं. कोपऱ्यात आधीच थोडी माती पडलेली. भावजी बोलले, तिथूनच सुरू करा. मीच टाकली ना माती त्याच्यावर."

मी विळी बाजूला सारली. तुला कसं कळणार होतं, म्हटलं.

साहेब तिला म्हणाले होते, या हाडांना अजून नाव नाही. नाव लावायचं तर रक्ताच्या नातेवाइकाचं रक्त पाहिजे. सासू-सासरे गेले. उरला एकटा हौसेराव, आणि तो नाक्यावर सांगत सुटला होता की राजाच्या हाडांना माझं रगत कशाला. जाईबाईने त्याच्यावर संशय म्हणून तक्रार दिली तरच पुढे त्याचं रक्त मागता येईल. नाहीतर थोड्या दिवसांत हाडं बेवारस म्हणून जातील.

काल जेवायला बसताना तो तिला हसत म्हणाला, "जाये, घर माज्या नावावर हाय, इसरू नको."

ती दोनदा चौकीच्या पायरीवरून मागे फिरली होती. एकदा बाहेर हौसेरावचा टेम्पो उभा होता, एकदा नुसतेच पाय उचलेनात. गावातलं कुणी सोबत येईना. सख्ख्या भावाने फोन बंद करून ठेवलेला.

आतून विलास म्हणाले, "मीना, पोलिसांचं टेन्शन आपल्याला कशाला?"

ते तिलाही ऐकू गेलं. ती उठली, पदर सारखा केला. आता जाणार, असं मला वाटलं. पण ती दारात उभी राहिली.

"ताई, तुमी काय बोलू नका. सगलं मी बोलेन. तुमी नुसत्या चौकीत माज्या शेजारी बसा."