उत्तराचा तळ्याकाठचा हिवाळा

ॲन आर्बरमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून उभा जन्म गेल्यावर उत्तरा करंदीकरला रिटायरमेंटमध्ये माणसं हवी होती. तिच्या नवऱ्याला, सुशांतला, शांतता हवी होती. शेवटी त्याच्याच मनासारखं झालं. मिशिगनच्या पार उत्तरेला एका तळ्याकाठी त्यानं केबिन घेतली. हिवाळ्यात तिथल्या रस्त्यावरचा बर्फ कुणी काढत नाही. कार हायवेला ठेवायची आणि जंगलातून स्नोमोबिलवर, म्हणजे बर्फावरून पळणाऱ्या स्कूटरसारख्या गाडीवर, आत यायचं. चालवायचा सुशांत, उत्तरा मागे बसायची. "शिकव ना," म्हटलं की तो म्हणायचा, "तुला काय करायचंय?"

तिसऱ्या हिवाळ्यात बर्फ उपसताना त्याची कंबर धरली. पलंगावरून उठता येईना. वादळात इंटरनेट गेलेलं, फोनला तिथे रेंज कधीच नसायची आणि त्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपत आलेल्या. उत्तरानं कोट चढवला आणि मागे बसून पाहिलं होतं तसं स्नोमोबिल सुरू केलं. इंजिन गरजलं, पण धूड जागचं हललं नाही. जळक्या रबराचा वास आला. तिनं आत येऊन त्याला सांगितलं.

"इंजिनचा जोर खालच्या पट्ट्याला देणारा बेल्ट गेला असेल," सुशांत पलंगावरूनच म्हणाला. "पुढचं झाकण उघड, हूडखाली स्पेअर आहे. इंजिन बंद कर. टूलकिटमधला बोल्ट मागच्या पुलीत फिरव, ती उघडते. मग काढ."

बोटं बधिर झाली, पण नवा बेल्ट बसला. स्नोमोबिल निघालं. तळ्याच्या वळणाशी पुन्हा तोच वास. ती थांबली. चहूकडे पांढरं, आणि हा बेल्ट तुटला तर दुसरा नाही. हळूहळू वळवून ती परत आली.

"जोरात रेस केलं असशील," तो म्हणाला.

"नाही केलं. नवा बेल्टही घसरतोय, म्हणजे दोष बेल्टचा नाही."

तिनं पुन्हा हूड उघडलं, पुलीवरून बोट फिरवलं आणि आत येऊन ते त्याच्यासमोर धरलं. "बेल्ट यावरून घसरतोय. हे तेल कुठून आलं?"

तो तिच्या बोटाकडे बघत म्हणाला, "गंज चढू नये म्हणून मी स्प्रे मारला होता. क्लचच्या या पुल्यांनाही."

औषधांच्या डब्यातलं अल्कोहोल घेऊन तिनं दोन्ही पुल्या आणि बेल्ट घासून पुसले. या वेळी वास आला नाही. ती थेट हायवेला पोचली.

कारमध्ये बसल्यावर फोनला रेंज आली आणि दूर बॉथेलला राहणाऱ्या मुलीचा, अंतराचा, फोन आला. "मॉम, आर यू ओके? मी इकडे वेडी झाले!"

उत्तराला रडू फुटलं. "मी तशीच निघून येऊ का गं तुझ्याकडे?"

"ये ना. प्लीज."

पण सुशांत तिकडे एकटा पडला होता. गावात जाऊन तिनं गोळ्या घेतल्या. दुकानातल्या बाईशी उगाचच हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग आली त्याच वाटेनं आत गेली.

"पुढच्या हिवाळ्यात मी इथे येणार नाही," गोळी त्याच्या हातावर ठेवत ती म्हणाली.

"बघू."

"बघू नाही, सुशांत."

पुढच्या डिसेंबरात ॲन आर्बरच्या घरी त्यानं केबिनवर जायला बॅग भरली आणि तो दारात रेंगाळला. उत्तरानं त्याला वाटेसाठी डबा दिला आणि दार लावून घेतलं. आठवड्यात तो परतला. फार थंडी होती म्हणाला.