वळचणीखालची हाक

फेब्रुवारी सरत आला की ओस्केमेन गावातल्या माणसांचे चेहरे उजळतात, फक्त राउशानचा उतरतो. दिवस लांबतो, बायका डोक्यावरच्या लोकरी शाली जरा मागे सरकवतात, पोरं इर्तिश नदीच्या काठावर उगाच ओरडत फिरतात, आणि राउशान मान वर करून छपरं न्याहाळत चालते. सगळ्या गावाला हवंहवंसं वाटणारं ते ऊन छपरांवर पडतं. छपरावरचा बर्फ दुपारी पाझरतो, रात्री पुन्हा गोठतो आणि वळचणीला माणसाच्या मांडीएवढाले सुळे लोंबायला लागतात. आढ्याचं पाणी शेवटी वळचणीलाच येणार. तिथे ते पाणीच राहिलं असतं तर राउशानची काही तक्रार नव्हती.

गावातल्या मोठ्या रस्त्यावर बँका, औषधांचं दुकान, दातांचा दवाखाना, मोबाइलवाले, कॉफीवाले अशी सगळी बडी मंडळी आहेत. त्यांनी मिळून फुटपाथ राखायला एक टोळी नेमली आहे. तिचा मुकादम गेनरिख. त्याच्या आजोबांना कधीकाळी परक्या वंशाचे म्हणून आगगाडीत कोंबून इथे आणून टाकलं होतं, पण गेनरिखचा जन्म इथलाच आणि शिव्याही इथल्याच. त्याचं पहिलं भांडण बर्फाशी नसतं, फरशीशी असतं. या शहाण्यांनी उन्हाळ्यात आरशासारखी दिसते म्हणून फुटपाथला गुळगुळीत दगडी फरशी बसवून घेतली. हिवाळ्यात तिच्यावर मांजरसुद्धा चार पाय सावरत चालतं. म्हातारी माणसं भिंतीचा आधार घेत सरकतात. म्हणून राउशान रोज पहाटे भिंतीच्या कडेने त्यांच्यासाठी वाळू आणि राख टाकते. आता भिंतीची कड म्हणजे नेमकी वळचणीखालची जागा. पाय घसरू नये म्हणून जिथे माणसांना बोलवायचं, तिथेच वरून मरण टांगलेलं. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा हे अजून कुणाला जमलेलं नाही, राउशानला तर नाहीच.

तिचं खरं काम मात्र वाळूचं नाही, पहाऱ्याचं. दोन गडी कमरेला दोर बांधून छपरावर चढतात आणि पहारीने बर्फ पाडतात. खाली राउशान. लाल-पांढरी पट्टी बांधायची, पट्टीच्या आतल्या दुकानांत जाऊन "दार लावून घ्या" म्हणून सांगायचं, माणसं अडवायची आणि सगळं मोकळं झालं की एक लांब शिट्टी मारायची. लांब शिट्टी म्हणजे पाडा. तुटक तुटक म्हणजे थांबा. वरच्या माणसाला वळचणीखालचं काहीच दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे खालच्या राउशानची शिट्टी.

पहिल्याच हिवाळ्यात तिने बर्फाची एक लादी वरून पडताना पाहिली होती. कोपऱ्यावर सूर्यफुलाच्या बिया विकणारी बाई सुटे पैसे आणायला तिपाईवरून उठली आणि ती तिपाई राहिली नाही. बाई परत आली, लाकडाच्या ठिकऱ्यांकडे बघत राहिली, मग हसायला लागली, आणि हसता हसता तिथेच ओकली. तेव्हापासून राउशानची झोप हिवाळाभर कावळ्याची. पुतण्या ओलझास तिला चिडवायचा, "काकू, तू इतकी घाबरतेस, तू वर ये आणि मी खाली उभा राहतो." ती म्हणायची, "मेल्या, वरच्याला फक्त स्वतः पडायची भीती. मला अख्ख्या गावाची."

हा ओलझास तिच्या थोरल्या दिरांचा मुलगा, चांगला दोन पोरांचा बाप, आणि छपरावरचा पहिला गडी. आता थोरल्या दिरांबद्दल सांगायला हवं.

राउशान विशीत इर्तिशपलीकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली, तेव्हा सासूने पहिल्या संध्याकाळी चहा ओतता ओतता सांगितलं, की आपल्यात सून सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं घेत नाही. समोर नाही, पाठीमागे नाही, भांडणात नाही. प्रत्येकाला काहीतरी मानाचं नाव ठेवायचं आणि त्याच नावाने जन्मभर बोलायचं. राउशानने थोरल्या दिरांना नाव ठेवलं मिर्झाआगा; आगा म्हणजे वडीलधारा. त्यांचं खरं नाव तिने लग्नाच्या बैठकीत एकदा कानाने ऐकलं होतं, तोंडाने कधीच घेतलं नाही. पुढे नवरा गेला. जस्ताच्या कारखान्यातून घरी आला, बूट काढायला वाकला आणि उठलाच नाही. तेव्हा मिर्झाआगांनी काही भाषण केलं नाही. दुसऱ्या दिवशी कोळशाची पोती खांद्यावरून आणून तिच्या दारात टाकली आणि पुढे दर हिवाळ्याला टाकत राहिले. शाळेच्या कागदावर मुलीच्या चुलत्याचं नाव विचारलं तेव्हाही राउशानने ते मुलीकडून लिहवून घेतलं. एवढं ते नाव तिच्या जिभेला परकं.

त्या दिवशी सकाळी खाली उणे वीस होतं आणि छपरावर लख्ख ऊन. औषधाच्या दुकानावरची लादी रात्रीत फुगून बाहेर आली होती. गेनरिखने मान वर करून पाहिलं आणि टोपी मागे सारली.

"आज हिला पाडली नाही तर ही आपल्याला पाडणार," तो म्हणाला. "राउशान, दारं बघ."

राउशानने पट्टी बांधली. दातांचा दवाखाना बंदच होता. औषधाच्या दुकानाचं दार उघडून तिने डोकं आत घातलं. चष्म्यावर वाफ धरली, समोर काही दिसेना.

"पोरी, कुणाला बाहेर सोडू नकोस गं. वरून पाडतायत."

"बरं आपा," आतून दुकानातल्या पोरीचा आवाज आला.

राउशानने दार लोटलं. आत जाऊन बघायचं राहिलं. वाफ पुसून एकदा नजर टाकली असती तर रक्तदाब मोजायच्या यंत्रापाशी कोल्ह्याच्या कातड्याची टोपी दिसली असती. त्या एका न टाकलेल्या नजरेची आठवण तिला पुढे कितीतरी रात्री उठवून बसवणार होती.

तिने दोन्हीकडे पाहिलं. फुटपाथ मोकळा. गालाशी धरून उबवलेली शिट्टी तोंडात घातली आणि लांब वाजवली. वरून पहारीचे ठोके सुरू झाले. ठक. ठक. लादीतून एक कर्रर्र असा आवाज निघाला आणि राउशानने मान वर केली. हा आवाज ती ओळखत होती. आता वरच्या गड्याच्या हातात काही उरलं नव्हतं.

आणि औषधाच्या दुकानाचं दार उघडलं.

मिर्झाआगा बाहेर आले. दुकानातल्या पोरीचाही दोष किती म्हणावा? पांढऱ्या दाढीचा माणूस उठून दाराकडे निघाला की त्याला "बसा" म्हणायचं धाडस आमच्याकडे कोण करतो? पोर दोनदा "आजोबा, आजोबा" असं पुटपुटली आणि गप्प बसली. मिर्झाआगांनी त्या कोल्ह्याच्या टोपीचे कान खाली ओढून हनुवटीखाली बांधले होते. राउशानकडे पाठ करून ते भिंतीला हात लावत, तिनेच टाकलेल्या राखेवरून, अगदी सांभाळून चालायला लागले. लादी त्यांच्या पुढ्यात, चार पावलांवर, वरती.

राउशानने शिट्टी फुंकली. नुसती हवा निघाली. आतला दाणा थुंकीने गोठला होता. तिने पुन्हा फुंकली. फुस्स.

"आगा!" ती ओरडली. "आगा, थांबा!"

त्या रस्त्यावर दर दुसरा माणूस कुणाचा ना कुणाचा आगा. मिर्झाआगांनी मान वळवली नाही. "मिर्झाआगा!" टोपीच्या कानांतून ते गेलंच नाही, किंवा गेलं आणि त्यांना वाटलं भावजय सलाम करतेय, करू दे. धावावं तर फरशी. पहिल्याच पावलाला राउशानचा पाय सटकला आणि ती गुडघ्यावर आपटली. वर कर्रर्र वाढलं.

ते खरं नाव तिच्या घशात आलं आणि तिथेच अडकलं. खोटं कशाला सांगा, त्या क्षणीसुद्धा तिला लाज वाटली. समोर माणूस मरतोय आणि हिला सासू दिसतेय, चहा ओतणारी. भीती किती प्रकारची असते! एक भीती दुसरीच्या छातीवर बसली होती.

मग तिच्यातून आवाज निघाला. तो तिला स्वतःचा वाटलाच नाही.

"सागिंदिक!"

आगा नाही, साहेब नाही. एखाद्या आईने गल्लीतल्या पोराला बोलवावं तसं, नुसतं, उघडं नाव.

म्हातारा जागच्या जागी थांबला. एक पाय पुढे टाकायला उचललेला, तो त्याने तसाच खाली घेतला आणि सावकाश मागे वळायला लागला.

लादी पडली. आवाज असा झाला की बँकेतली माणसं काचेपाशी धावली. पांढरा धुरळा उठला आणि त्यात मिर्झाआगा दिसेनासे झाले. राउशान गुडघ्यावरच होती. ती त्या धुरळ्याकडे बघत होती. आत कुणी उभं आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं.

धुरळा बसला. मिर्झाआगा उभे होते. दाढी, भुवया, टोपी सगळं पांढरं. त्यांच्या बुटांपुढे हातभर अंतरावर बर्फाचा ढीग, आणि त्याखाली फरशीला तडा गेलेला. वरून ओलझासने काठाबाहेर मान काढली. बापाला पाहून त्याच्या हातातली पहार छपरावर गडगडली.

"वरच थांब, गाढवा!" गेनरिख खालून किंचाळला. "आता तू पडू नकोस!"

मिर्झाआगांनी राउशानकडे पाहिलं. मग ढिगाला वळसा घालून, रस्त्याच्या मधून घरी निघून गेले.

जीव वाचला म्हणून ती रडली असती तर बरं होतं. पण दिवसभर तिच्या मागे लागली होती ती दुसरीच भीती. दुकानातल्या पोरीने ऐकलं होतं, म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या नात्यागोत्याने ऐकलं. राउशानने थोरल्या दिराला नावाने हाक मारली, भर रस्त्यात, कुत्र्याला मारावी तशी. गेनरिखला हे समजेना. "अगं, माणूस जिवंत आहे!" तो पुन्हा पुन्हा म्हणाला. तिने त्याला सांगितलं, "उद्यापासून पहाऱ्याला दुसरं कुणी बघ. माझ्याने व्हायचं नाही." त्याने मिशी चावली आणि पट्टी गुंडाळायला घेतली.

काम सुटल्यावर तिने घरी कढई चढवली. संकट टळलं की आम्ही तेलात पातळ पोळ्या तळतो, तो वास गेलेल्यांपर्यंत पोचतो म्हणतात. त्या फडक्यात गुंडाळून ती थोरल्या दिरांच्या घरी गेली. पायऱ्या चढताना तिला वाटलं, दार उघडलंच नाही तर?

थोरल्या जाऊबाईंनी उघडलं. "ये, ये. धारिष्ट्याची बाई आली," त्या म्हणाल्या. टोमणा होता की काय होतं, राउशानला कळेना.

मिर्झाआगा चहाच्या बुटक्या मेजाशी बसले होते. राउशान दाराशीच वाकून उभी राहिली.

"मिर्झाआगा, जीभ कापून टाका माझी."

"बस."

"शिट्टी गोठली होती. मी आधी आगाच म्हटलं, दोनदा..."

"बस म्हटलं ना. चहा निवतोय."

ती बसली. जाऊबाईंनी वाटीत दूध घालून चहा ओतला. मिर्झाआगांनी एक पोळी तोडली, हातात धरली, खाल्ली नाही.

"मी का थांबलो, माहीत आहे तुला?"

राउशानने नाही म्हणून मान हलवली.

"मला वाटलं, आई." त्यांनी पोळी मेजावर ठेवली. "मी पोटात असताना बाप लढाईवर गेला. तो परत यायच्या आधीच त्याची आठवण काढून काढून आईने हे नाव ठेवलं. सागिंदिक. म्हणजे, तुझी ओढ लागलीय आम्हाला. आई गेली, बाप गेला, मग माझ्याहून मोठा भाऊ गेला. त्यानंतर कुणी हे नाव घेतलंच नाही गं. ही मला ओलझासचे बाबा म्हणते. नातवंडं आजोबा म्हणतात. बँकेतली पोरगी आडनाव वाचते. तू मिर्झाआगा म्हणतेस. चांगलंच आहे, मानाचं आहे. पण त्याला ओ देऊन कोण थांबतो? आगा म्हणून हाक मारणाऱ्याला काहीतरी मागायचं असतं. मी चालतच राहिलो असतो."

जाऊबाईंनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं आणि उगाच किटलीचं झाकण उघडून पाहिलं.

"उद्या पहाऱ्याला कोण आहे?" मिर्झाआगांनी विचारलं.

"मी नाही म्हणून सांगितलंय."

"का?"

"भीती वाटते, मिर्झाआगा. फार भीती वाटते."

"मग तूच उभी राहा. भीती न वाटणाऱ्याच्या पहाऱ्याखालून मी जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी टोळी दातांच्या दवाखान्यावर चढली. राउशानने शिट्ट्या दोन घेतल्या होत्या, एक तोंडात आणि एक काखेत. पट्टी बांधून ती दवाखान्यात शिरली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि एकेक खुर्ची पाहिली. कोपऱ्यात गाल सुजलेला एक पांढऱ्या दाढीचा अनोळखी म्हातारा होता. तिला पाहून तो उठला आणि काठी टेकत दाराकडे निघाला.

राउशान दारात आडवी आली. दोन्ही हात चौकटीला लावले.

"बसा, आगा. थोडा वेळ."

"मला अडवणारी तू कोण?"

"खालची पहारेकरी." तिने मान खाली घातली, पण दारातून हलली नाही. "आणि आगा, आपलं नाव सांगून ठेवा."

"नाव? नाव कशाला हवंय तुला, बाई?"

"हाक मारायला," राउशान म्हणाली.