क्लोरीनच्या खोलीतली आरामखुर्ची

नाव: राघोत्तम राव. मूळ गाव: तंजावर. हुद्दा: क्लोरीन अटेंडंट, मद्रासमधलं एक पाणी-शुद्धीकरण केंद्र. वर्तणूक: समाधानकारक. शेरा: तक्रारदारास कसलाच वास येत नसल्याने वासाविषयीची त्याची तक्रार ग्राह्य धरता येत नाही.

शेरा शेषगिरी साहेबांचा, १९५७चा. क्लोरीनमुळे शहराचं पोट शाबूत होतं. सिलिंडर तोंडाशी गळत होता, त्यामुळे राघोत्तमांचं नाक गेलं होतं. क्लोरीनच्या खोलीच्या तीन पायऱ्या उतरायच्या, उकिडवं बसून सिलिंडरच्या काट्यावरचा आकडा वाचायचा, ही त्यांची नोकरी. घरी रसम करपलं तरी कळत नसे; बायको कनका करवादली की कळे.

गळती त्यांनी रीतसर दाखवली होती. अमोनियात बुडवलेली चिंधी जोडापाशी धरली, तसा क्लोरीन गळत असला की निघतो तो पांढरा धूर निघाला.

"हा तुझ्या चिंधीचा धूर रे," साहेब दारातूनच म्हणाले. तेही तंजावरचे, म्हणून अपमान घरच्या मराठीत करत. "मला काही वास नाही. तुझं नाक कावेरीत वाहून गेलं, त्याला सरकार काय करणार?"

साहेबांनी गळती मान्य केल्याशिवाय स्टोअर नवा वॉशर देत नव्हतं. आधी राघोत्तमांना वॉशर हवा होता. पुढे पुढे साहेब हवे झाले.

वर्षभरानं त्यांनी अर्ज केला: साहेबांनी दहा मिनिटं आत बसून स्वतः खात्री करावी. साहेबांना गंमत वाटली. आले.

राघोत्तमांनी कापडी आरामखुर्ची उपरण्यानं पुसून सिलिंडरजवळ मांडली. ऊन येतं म्हणून दार लोटलं.

"बसावं."

"तूही बस की."

"साहेबांसमोर कसा बसू?"

ते हात बांधून वरच्या पायरीवर उभे राहिले. क्लोरीन हवेपेक्षा जड, खाली साचतो. एवढं लिहून साहेबांनी पदवी घेतली होती.

चौथ्या मिनिटाला साहेबांचे डोळे वाहू लागले. सातव्याला ते खोकत उठायला गेले, पण त्या खुर्चीतून घाईनं कुणालाच उठता येत नाही.

"दार उघड, राघोत्तमा."

"अजून तीन मिनिटं आहेत. वास येतो काय?"

"येतो रे, येतो."

"मला येत नाही. लिहून द्यावं."

त्यांनी खाली उतरून अर्ज आणि पेन पुढे केलं. साहेबांनी 'गळती आहे' असं लिहून सही केली. शाई वाळेपर्यंत राघोत्तम थांबले, मग दार उघडलं.

साहेब महिनाभर रजेवर होते. वॉशर बदलायला अकरा मिनिटं लागली.